रॅम मोकळी असूनही ‘नो बफर स्पेस’, आणि एकाच मजल्यावर सर्व्हर ‘रिफ्यूज्ड’. शनिवारी टेस्ट आहे

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. एका क्लासेसचा ऑनलाइन टेस्टचा सर्व्हर माझ्याकडे आहे. उलट विचारायची वेळ येऊ नये म्हणून सगळी माहिती एकदमच देते.

उबुंटू २२.०४, १६ जीबी रॅम, एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). नेटवर्क कार्ड एकच वापरात आहे, ईएनओ१. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२०१, मास्क २५५.२५५.२४८.०, म्हणजे /२१. राउटर १९२.१६८.०.१, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणं) तोच करतो. याच एका नेटवर्कवर लॅबचे ६२० पीसी, दोन होस्टेलचं वायफाय, कॅमेरे आणि हजेरीच्या थंब मशीन आहेत. लेकरांचे मोबाइल धरले तर १६०० च्या आसपास उपकरणं होतात. व्हिडिओ लेक्चरही याच सर्व्हरवरून चालतात.

तक्रारी अशा. टेस्ट सुरू झाली की काहींचं लॉगिन लटकतं. त्या वेळी सर्व्हरवरून कुठल्याही पीसीला पिंग केलं तर ‘पिंग: सेंडमेसेज: नो बफर स्पेस अव्हेलेबल’ येतं. फ्री -एच मध्ये मात्र ९ जीबी अव्हेलेबल दिसते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या निरोपांचा लॉग) या दोन ओळी पुन्हा पुन्हा:

नेबर: एआरपी_कॅश: नेबर टेबल ओव्हरफ्लो!
टीसीपी: आउट ऑफ मेमरी -- कन्सिडर ट्यूनिंग टीसीपी_मेम

तिसरी तक्रार वेगळीच आहे. लाईट जाऊन आली की एखाद्या मजल्यावर ब्राउझर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दाखवतो आणि शेजारच्या मजल्यावर सगळं सुरळीत असतं. थोड्या वेळाने आपोआप बरं होतं किंवा दुसऱ्याच खोलीत सुरू होतं. सर्व्हर यूपीएसवर आहे, तो बंद पडत नाही.

हार्डवेअरवाले ३२ जीबी रॅम टाका म्हणतात. रीबूट केल्यावर तासभर ठीक चालतं. शनिवारी मोठी टेस्ट आहे, लेकरांचं एक मिनिटही वाया जायला नको. कुठून सुरुवात करू?

गोदातीर, नांदेड

ताई, रॅम घेऊ नका. तुमच्याकडे तीन वेगळे आजार एकाच वेळी दिसत आहेत आणि त्यातल्या एकालाही रॅम कमी पडलेली नाही. मी पहिल्याबद्दल लिहितो.

‘नो बफर स्पेस’ हा निरोप वाचून सगळे मेमरीकडे धावतात. पण त्याच्या जोडीला नेबर टेबल ओव्हरफ्लोची ओळ असेल तर अर्थ एकच: पाकीट पाठवण्यासाठी समोरच्याचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) नोंदवायला कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, एआरपीच्या तक्त्यात जागा उरलेली नाही. ही जागा रॅमवर ठरत नाही, ठरलेल्या आकड्यावर ठरते. जीसी_थ्रेश१, २ आणि ३ हे ते आकडे. मूळ किमती १२८, ५१२ आणि १०२४. १२८ च्या खाली कर्नल साफसफाई करत नाही. ५१२ च्या वर गेलं तर ५ सेकंदांची सवलत देऊन जुन्या नोंदी काढायला लागतो. १०२४ ही पक्की भिंत, तिथे नवी नोंद नाकारली जाते. काही जुन्या कर्नलवर हाच दोष ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून दिसतो, तेव्हा तेही लक्षात असू द्या.

१६०० उपकरणं आणि १०२४ ची भिंत, म्हणजे कधीतरी आदळणारच. रीबूटने तक्ता रिकामा होतो म्हणून तासभर बरं वाटतं.

आधी मोजा. आयपी -४ नेबर शो चं आउटपुट डब्ल्यूसी -एल ला द्या, एकूण नोंदी कळतील. मग त्यातल्या फेल्ड आणि इनकम्प्लीट किती ते ग्रेपने वेगळे काढा. खऱ्या उपकरणांपेक्षा मेलेल्या पत्त्यांच्या नोंदीच जास्त असतील, तर सर्व्हरवरचाच कुठला तरी प्रोग्राम अख्ख्या नेटवर्कला हाका मारत फिरतोय असं समजा. /२१ मध्ये २०४६ पत्ते असतात. प्रत्येकाला एकेक पिंग गेलं तरी तक्ता भरून वाहतो, समोर उपकरण असो वा नसो.

तात्पुरता उपाय चालू सर्व्हरवर करता येतो, रीबूट लागत नाही. सिसकंट्रोल -डब्ल्यू (कर्नलचे आकडे बदलणारी कमांड) ने थ्रेश१ ला २०४८, थ्रेश२ ला ४०९६, थ्रेश३ ला ८१९२ द्या. क्रम उलटा ठेवा, आधी ३, मग २, मग १, म्हणजे मधल्या क्षणी खालचा आकडा वरच्यापेक्षा मोठा होणार नाही. टिकण्यासाठी याच तीन ओळी सिसकंट्रोल.डी फोल्डरातल्या वेगळ्या फाइलीत लिहा. एक नोंद अर्धा केबीसुद्धा खात नाही. ८१९२ पूर्ण भरल्या तरी चारेक एमबी, त्यासाठी कंजुषी करू नका. पण एक लाखही लिहू नका. बेसुमार स्कॅनिंग चालू असेल तर ते तुम्हाला कधी दिसणारच नाही.

सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरांत चालवणारं साधन) असेल तर हेही बघा: कंटेनरांचं नेटवर्क वेगळं दिसलं तरी हा तक्ता आणि त्याची मर्यादा सगळ्यांत मिळून एकच असते. मर्यादा कंटेनरच्या आतून बदलत नाही, मूळ यंत्रावरच बदलावी लागते.

मांजराकाठ, लातूर

दादा, आभार. आत्ता मोजलं: एकूण १०१९, त्यात फेल्ड ४३०. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडींची यादी) दर १० मिनिटांनी एफपिंगची एक ओळ सापडली, कॅमेरे चालू आहेत का बघायला पूर्ण /२१ वर फिरते. डॉकर नाही.

टीसीपीच्या ओळीसाठी सॉकस्टॅट (कनेक्शनांचा हिशेब देणारी कर्नलची फाइल) बघितलं: टीसीपी: इनयूज १४१२ ऑर्फन ३८ टीडब्ल्यू ९०६ अलॉक १४६० मेम १३०८४४. याच्यावरून काय समजायचं?

गोदातीर, नांदेड

एफपिंगला रेंज देऊ नका, कॅमेऱ्यांच्या पत्त्यांची फाइल द्या. -एफ लावून फाइलीचं नाव दिलं की तेवढेच पत्ते तपासतो. शनिवारी टेस्टच्या वेळेत ती ओळ बंदच ठेवा.

रॅक_आणि_रोळ, जालना

सॉकस्टॅटमधला शेवटचा आकडा, मेम १३०८४४, हीच सगळी गोष्ट आहे. हा आकडा बाइटमध्ये नसतो, पेजमध्ये असतो. एक पेज ४ केबी. १३०८४४ गुणिले ४ म्हणजे सुमारे ५११ एमबी, एवढी मेमरी टीसीपीच्या बफरांनी धरून ठेवली आहे.

१६ जीबीच्या मशीनवर कर्नल बूट होताना टीसीपी_मेमच्या तीन किमती स्वतः काढतो. मोकळ्या पेजांचा सोळावा भाग मधली किंमत, तिच्या पाऊणपट पहिली, पहिलीच्या दुप्पट तिसरी. तुमच्याकडे वरची मर्यादा दीड जीबीच्या आसपास यायला हवी होती. ५११ एमबीलाच ओरड होते आहे, म्हणजे कुणीतरी ती हाताने कमी करून ठेवली आहे. सिसकंट्रोल नेट.आयपीव्ही४.टीसीपी_मेम आणि टीसीपी_डब्ल्यूमेम काय दाखवतात ते इथे टाका.

मांजराकाठ, लातूर

टीसीपी_मेम = ६५५३६ ९८३०४ १३१०७२
टीसीपी_डब्ल्यूमेम = ४०९६ २६२१४४ १६७७७२१६

सिसकंट्रोल.डी मध्ये ‘९९-ट्यूनिंग’ नावाची फाइल आहे, आधीच्यांनी केलेली.

रॅक_आणि_रोळ, जालना

सापडलं. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, कारण इंटरनेटवरून उचललेल्या ट्यूनिंगमध्ये हीच गफलत सगळीकडे असते. टीसीपी_मेम पेजमध्ये मोजतात, टीसीपी_डब्ल्यूमेम बाइटमध्ये.

टीसीपी_मेमची वरची मर्यादा १३१०७२ पेज, म्हणजे बरोबर ५१२ एमबी, सगळ्या कनेक्शनांना मिळून. डब्ल्यूमेमची वरची मर्यादा १६७७७२१६ बाइट, म्हणजे १६ एमबी, एका कनेक्शनला. भागाकार करा: ३२. होस्टेलच्या कोपऱ्यात, सिग्नल जेमतेम असलेले ३२ मोबाइल व्हिडिओ ओढत बसले आणि त्यांचे बफर तुंबले, की उरलेल्या चौदाशे कनेक्शनांना काही उरत नाही. प्रत्यक्षात पाकिटांच्या वरखर्चामुळे ३२ सुद्धा लागत नाहीत. मर्यादा ओलांडली की नवीन बफर मिळत नाही, आलेली पाकिटं टाकून दिली जातात, आणि टेस्ट देणारा विद्यार्थी ‘सबमिट’ दाबून गोल फिरणारं चक्र बघत राहतो. दोष त्याच्या पीसीत नसतो, तुमच्या लॅबच्या केबलीतही नसतो.

खात्री करून घ्यायची तर एसएस -टीएम चालवा. सेंड-क्यूच्या रकान्यात लाखांत आकडे असलेल्या ओळी शोधा आणि समोरचा पत्ता बघा. वायफायच्या रेंजमधले पत्ते निघाले तर शंका उरत नाही. त्याच ओळीखाली एसकेमेममध्ये टीबी म्हणून जो आकडा असतो तो त्या कनेक्शनला मिळू शकणारा बफर, आणि डब्ल्यू म्हणजे प्रत्यक्ष अडकलेला.

उपाय. टीसीपी_डब्ल्यूमेमला मूळ किंमत परत द्या: ४०९६ १६३८४ ४१९४३०४. टीसीपी_मेमला १९६६०८ २६२१४४ ३९३२१६ द्या. हे अनुक्रमे ७६८ एमबी, १ जीबी आणि दीड जीबी. तुमच्याकडे ९ जीबी मोकळी आहे, पोस्टग्रेसला धक्का लागणार नाही. फक्त फाइलीतून जुन्या ओळी पुसून सिसकंट्रोल --सिस्टिम चालवलं तर काही होणार नाही. पुसलेली किंमत कर्नल आपोआप विसरत नाही, रीबूटपर्यंत तीच राहते. म्हणून नवे आकडे स्पष्ट लिहा आणि मग लागू करा. ज्या कनेक्शनांचे बफर आधीच फुगले आहेत ती बंद होईपर्यंत मेम उतरायला वेळ लागेल, घाबरू नका.

एनजिनएक्समध्ये व्हिडिओच्या लोकेशनला लिमिट_रेट २५६के लावा. हे सेकंदाला केबीमध्ये आहे, म्हणजे २ मेगाबिट. लेक्चरच्या व्हिडिओला पुरतं. लिमिट_रेट_आफ्टर २एम दिलं तर सुरुवातीला चित्र पटकन उघडेल. शनिवारी मात्र टेस्ट संपेपर्यंत व्हिडिओचं लोकेशनच बंद ठेवा. मुलांची परीक्षा आधी.

अंबाजोगाई_टेक

कॉनट्रॅकही (फायरवॉलचा चालू कनेक्शनांचा तक्ता) तपासायला हवं ना? आयपीटेबल्स फायरवॉल असेल तर तोही तक्ता भरतो.

रॅक_आणि_रोळ, जालना

तो भरला असता तर डीमेसेजमध्ये ‘एनएफ_कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ अशी ओळ आली असती. ताईंनी दिलेल्या ओळींत ती नाही. ज्याचा पुरावा नाही तो आकडा बदलू नये. ‘९९-ट्यूनिंग’ फाइल अशाच बदलांतून तयार झालेली असते.

बालाघाट, बीड

तिसऱ्या तक्रारीवर अजून कोणी बोललं नाही, आणि शनिवारी सगळ्यात जास्त घात तीच करेल.

‘रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ यात मोठा फरक आहे. टाइमआउट म्हणजे पलीकडे कुणी बोललंच नाही. रिफ्यूज्ड म्हणजे त्या पत्त्यावर कुणीतरी जिवंत आहे आणि ‘माझ्याकडे हा पोर्ट उघडा नाही’ असं उत्तर देतंय. शेजारच्या मजल्यावर एनजिनएक्स चालू असताना हे उत्तर तुमचा सर्व्हर देत नाहीये. १९२.१६८.१.२०१ हा पत्ता दुसऱ्या कुणाकडे तरी आहे.

आणि हा पत्ता वाचताक्षणी संशय थंब मशीनवर जातो. बाजारातल्या बऱ्याच हजेरी यंत्रांचा कारखान्यातून येणारा पत्ता हाच असतो, १९२.१६८.१.२०१. कॅमेऱ्यांमध्ये १.६४ आणि १.१०८ हे असेच कारखान्यातले पत्ते. घरगुती वायफाय राउटरमध्ये ०.१ आणि १.१, म्हणजे होस्टेलमध्ये कुणी स्वतःचा राउटर आणून लावला तर तुमच्या मुख्य राउटरशीसुद्धा टक्कर होईल.

लाईटचा संबंध असा. प्रत्येक पीसी सर्व्हरचा मॅक पत्ता थोडा वेळ लक्षात ठेवतो आणि शेवटी ज्याने उत्तर दिलं त्याचं खरं मानतो. लाईट आली की थंब मशीन चालू होते आणि ‘२०१ मी आहे’ असं सगळ्यांना कळवते. तुमचा सर्व्हर यूपीएसवर, तो बंदच पडत नाही, म्हणून त्याच्याकडून अशी घोषणा होत नाही. ज्या पीसींनी मशीनचं ऐकलं ते चुकतात, बाकीचे चालतात. लक्षात ठेवलेली नोंद जुनी झाली की पुन्हा विचारणा होते आणि ज्याचं उत्तर नोंदलं जाईल तो जिंकतो. तुमचा दोष खोल्या बदलत फिरतो तो यामुळे. लिनक्सचा कर्नल अशा टकरीची स्वतःहून तक्रार करत नाही, म्हणून लॉग कोरा राहतो.

तपासणी: सर्व्हरवर आरपिंग -डी -आय ईएनओ१ -सी ३ १९२.१६८.१.२०१ चालवा, डी कॅपिटल. एकही उत्तर आलं तर पत्ता दुहेरी आहे आणि समोरच्याचा मॅक तिथेच छापला जाईल. उबुंटूत दोन वेगवेगळे आरपिंग मिळतात. हे वर्तन आयपीयूटिल्स-आरपिंग या पॅकेजचं. नुसतं आरपिंग नावाचं दुसरं पॅकेज टाकलं असेल तर तिथे कॅपिटल डीचा अर्थ फक्त दाखवण्याची पद्धत असा आहे, दुहेरी शोधायला स्मॉल डी लागतो. चुकीच्या पॅकेजवर ‘सगळं ठीक’ समजून बसाल.

सर्व्हरची दोन कार्डं एकाच नेटवर्कला जोडलेली असतील तर दुसरं कार्डही उत्तर देऊ शकतं आणि खोटी टक्कर दिसते. तुमचं एकच कार्ड आहे, तरी छापलेला मॅक आयपी लिंक शो मधल्या मॅकांशी ताडून बघा. स्वतःचाच निघाला तर मशीन शोधत फिरू नका, एआरपी_इग्नोरला १ आणि एआरपी_अनाउन्सला २ द्या.

परका मॅक हाती लागला की मॅनेज्ड स्विचवर शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल मध्ये तो कोणत्या पोर्टवर आहे बघा. तो पोर्ट दुसऱ्या स्विचकडे जाणारा असेल तर त्या स्विचवर पुन्हा तेच. साधे स्विच असतील तर रात्री सर्व्हरची केबल काढून ठेवा, एका पीसीवर आरप -डी ने जुनी नोंद पुसा आणि २०१ ला सतत पिंग लावा. मग एकेका स्विचकडे जाणारी केबल काढत चला. पिंग थांबलं की तीच शाखा. थंब मशीनच आहे का याची खूण म्हणजे पोर्ट ४३७० उघडा असणं.

मांजराकाठ, लातूर

आरपिंगला उत्तर आलं! मॅक आपला नाही, एकच कार्ड आहे. ४३७० उघडा आहे. होस्टेल मेसच्या दाराशी बसवलेली नवीन मशीन निघाली. तिचा पत्ता बदलला की झालं ना?

बालाघाट, बीड

मशीनचा पत्ता आज बदला: मेन्यूत कॉम, मग इथरनेट. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्येही तोच नवीन पत्ता टाका, नाहीतर उद्यापासून मेसची हजेरी येणार नाही. नवीन पत्ता राउटरच्या डीएचसीपी पूलच्या बाहेरचा हवा.

पण ताई, तेवढ्यावर थांबू नका. पुढची नवीन मशीन येईल तीही २०१ घेऊनच येईल. हलवायला हवा तो सर्व्हर. सर्व्हरला दुसरा पत्ता जोडून द्या, समजा १९२.१६८.२.१०, /२१ सह; आधी आरपिंगने तो मोकळा आहे याची खात्री करा आणि डीएचसीपी पूलमधून वगळा. जुना पत्ता काही आठवडे तसाच राहू द्या, दोन्हींवर सर्व्हर चालेल. पीसीच्या शॉर्टकटमध्ये आकडे लिहिलेले असतील तर त्याऐवजी नाव ठेवा आणि ते नाव नवीन पत्त्याकडे वळवा. हे शनिवारनंतर, सवडीने.

शनिवारी लाईट गेली-आली आणि पुन्हा रिफ्यूज्ड दिसलं, तर सर्व्हरवरून आरपिंग -यू -आय ईएनओ१ -सी ३ १९२.१६८.१.२०१, यू कॅपिटल. याने सर्व्हर स्वतःची घोषणा करतो आणि पीसींच्या नोंदी सुधारतात. ही मलमपट्टी आहे, पण टेस्ट चालू असताना तेवढीच हवी असते. कमांड कागदावर लिहून सर्व्हरच्या शेजारी लावा.

गोदातीर, नांदेड

सुट्टीत व्हीलॅन (त्याच स्विचांवर वेगवेगळी नेटवर्कं) करा, त्याने पहिला आणि तिसरा दोन्ही प्रश्न मुळातून जातील. लॅब १०.२०.०.० /२२, होस्टेल वायफाय १०.२०.८.० /२२, कॅमेरे आणि थंब मशीन १०.२०.१६.० /२४. /२२ मध्ये १०२२ पत्ते मिळतात, ६२० पीसींना पुरतात. सर्व्हर लॅबच्या व्हीलॅनमध्ये राहील आणि होस्टेलचे सगळे मोबाइल त्याला राउटरमार्फत येतील, म्हणजे त्या शेकडो मोबाइलसाठी एआरपीच्या तक्त्यात राउटरची एकच नोंद. कारखान्यातले पत्ते बहुतेक १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ मध्ये असतात, १०.२० मध्ये सहसा येत नाहीत. मॅनेज्ड स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं तर होस्टेलमधला आगंतुक राउटरही पत्ते वाटू शकणार नाही.

मांजराकाठ, लातूर

मशीनचा पत्ता बदलला, आरपिंग आता गप्प आहे. थ्रेशचे आकडे, टीसीपीचे आकडे, एफपिंगची फाइल, सगळं केलं. सॉकस्टॅटचं मेम २१ हजारांवर आलं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी तक्ता भरतोय का ते चालू टेस्टमध्ये कसं बघू? डीमेसेज तर जुन्या ओळींनी भरलंय.

गोदातीर, नांदेड

डीमेसेज -टी कॅपिटल टीने चालवा, प्रत्येक ओळीपुढे वेळ येईल. त्याहून चांगलं म्हणजे /प्रॉक/नेट/स्टॅट या फोल्डरातली एआरपी_कॅश ही फाइल. तिच्यात टेबल_फुल्स नावाचा रकाना असतो. दर प्रोसेसर कोअरची एक ओळ. आकडे हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) असतात आणि बूट झाल्यापासूनचे साठलेले असतात, म्हणून शून्य दिसण्याची वाट बघू नका. टेस्टच्या आधी सगळ्या ओळींचे आकडे टिपून ठेवा, टेस्ट सुरू झाल्यावर १५ मिनिटांनी पुन्हा बघा. तेच असतील तर तक्ता एकदाही भरलेला नाही. वाढले असतील तर तेव्हाच्या नोंदी आयपी नेबर शो मधून फाइलीत साठवा आणि इथे टाका.

रॅक_आणि_रोळ, जालना

सोबत सॉकस्टॅटचं मेमही दर मिनिटाला एका फाइलीत टिपत राहा. २ लाख ६२ हजारांच्या जवळ जायला लागलं तर एसएस -टीएम घ्या, पण टेस्ट चालू असताना आकडे बदलू नका.

मांजराकाठ, लातूर

चालेल. दोन्ही फाइली शनिवारी दुपारी इथेच टाकते.